नाचणगावच्या मेणबत्त्या

अंदाजपत्रक बनवण्यात नागसेनचा हात धरणारा कारकून वर्ध्यात मिळायचा नाही. कुठला खर्च कुठल्या शीर्षाखाली दडवायचा, साहेबानं लाल पेन काढायच्या आधीच कुठं कात्री चालवायची, सगळं त्याला पाठ. तर असा माणूस उन्हाळ्यात बायकोपोरीला मुंबई दाखवायचं ठरवतो तेव्हा काय होणार? मार्चपासूनच सिंदी मेघेच्या त्याच्या घरात रोज बैठका. बायको, भावना, म्हणे बहिणीच्या नणंदेकडे उतरू, हॉटेलचे वाचतील. दहा वर्षांची वर्षाली म्हणे मला फक्त समुद्र दाखवा, मी जेवणारही नाही. शेवटी तोडगा निघाला. ऑफिसातल्या रुपेशच्या कुटुंबासोबत जायचं, आणि तिकडे फिरायला दोघांत मिळून एक गाडी करायची. ड्रायव्हर सोडून गाडीत सहा जणं. रुपेश, त्याची बायको मोहिनी आणि मुलगी. नागसेन, भावना आणि वर्षाली. बरोब्बर सहा! नागसेन इतका खूश, की त्या दिवशी त्यानं ऑफिसात स्वतःच्या खिशातून चहा पाजला. असं सहसा होत नाही.

आता कुणी विचारेल, आणि आई?

आईची सोय अंदाजपत्रकात होतीच. घराची राखण, या शीर्षाखाली. मे महिन्यात कॉलनीतली बंद घरं फुटतात. शिवाय नळ एक दिवसाआड येतो, मोगऱ्याच्या कुंड्या आहेत. नाचणगावहून आईला आणायचं, किल्ली तिच्या हातात द्यायची आणि निघायचं. भावनानं विचारलंही होतं, "आईंना न्यायचं नाही का?" तर हा म्हणाला, "मी विचारलं. ती नाही म्हणते. गुडघे दुखतात तिचे." खोटं. साफ खोटं. विचारलंच नव्हतं.

गाडीत जागा नाही हेही खरं कारण नव्हतं. खरं कारण असं, की गुलाबबाईंना, म्हणजे नागसेनच्या आईला, मुंबई नवी नव्हती. उभा जन्म दुसऱ्याच्या वावरात निंदण आणि कापसाची वेचणी करत गेला, पण सहा डिसेंबरला मुंबई तिनं कधी चुकवली नाही. वस्तीतल्या बायांसोबत, दशम्यांचं गाठोडं घेऊन, डब्याच्या दाराशी बसून जायचं. दादरला मैदानातल्या मंडपात सतरंजी टाकून झोपायचं, बाबासाहेबांपुढं डोकं टेकवायचं आणि परत. नागसेन दहावीपर्यंत तिच्यासोबत जायचा. आणि ऑफिसात मात्र त्यानं सांगून ठेवलं होतं, "आपण तं पहिल्यांदाच चाललो बुवा मुंबईले." का सांगितलं, कुणी विचारलं होतं का? कुणी नाही. मैदानात झोपलेला, रांगेत उभा राहून भाजी-पोळी खाल्लेला पोरगा कुणाला दिसू नये, एवढंच त्याला वाटायचं. आई गाडीत बसली असती तर पहिल्याच सिग्नलला तिनं रुपेशला सगळं पुराण सांगितलं असतं, तेही अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. पोरगा भ्याला तो या आवाजाला.

पण वर्षालीनं फोनवर आजीला सांगून टाकलं, आम्ही मुंबईला चाललो. झालं! गुलाबबाईंच्या हिशोबात मुंबईला जाणं म्हणजे सगळ्यांनी मिळून जाणं. म्हाताऱ्या माणसाला मागं ठेवून वस्तीतलं कुणी मुंबईला गेल्याचं त्यांनी पाहिलंच नव्हतं. लेक चालला म्हणजे आपण चाललो, यात विचारायचं काय?

रविवारी दुपारी नागसेन मोटारसायकल घेऊन नाचणगावला पोचला, तर ओसरीवर बायांची ही गर्दी! मधोमध गुलाबबाई, पांढरंशुभ्र लुगडं नेसून, शेजारी गाठोडं बांधून तयार.

"ये बा, ये," मंदाबाई म्हणाली. ही शेजारीण, नागसेनला अंगाखांद्यावर खेळवलेली. "पोरगा असावा तं असा. माह्यावाला पुण्याले हाय, सा-सा महिने फोन नाई करत. आन तू मायले मुंबई दाखवून राह्यला. तेबी सीटवर बसवून!"

बायांच्या हातात मेणबत्त्या होत्या. वस्तीची रीतच आहे ती. कुणी मुंबईला निघालं, की ज्यांना जाता येत नाही त्या आपल्या नावाची मेणबत्ती सोबत देतात. तिथं ती नाव घेऊन लावायची. कोणाची कोणती हे कळावं म्हणून प्रत्येकीनं आपापल्या रंगाचा दोरा गुंडाळलेला.

"लाल दोऱ्याची माही," मंदाबाई म्हणाली. "अवंदा पाय तुटला म्हणून जाता नाई आलं मले. नाव घेऊनच लावजा बरं, नाई तं लावसान कोणाच्याबी नावानं."

हाच क्षण होता. मावशी, आई येत नाहीये, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. नागसेननं तोंड उघडलं आणि म्हणाला, "हाव मावशी."

हाव मावशी! अरे लेका, साहेबापुढं दोन दोन तास आकडे बोलतोस, आणि इथं तुझी दातखिळी बसली? उलट पाठीवर हात फिरले, कोकिळा नावाच्या म्हातारीनं अलाबला घेतली, आणि हा मान खाली घालून घेत राहिला. लोकांना वाटलं, पोरगा किती लाजाळू.

रस्त्यात सांगू, असं त्यानं ठरवलं. देवळीला रसवंतीवर गाडी थांबवली. गुलाबबाईंनी उसाचा रस अर्धा पिऊन त्याच्याच ग्लासात ओतला, लहानपणी ओतायची तसा.

"पह्यल्या वेळेस तू कमरेवर होता माह्या," ती म्हणाली. "समुद्र पाह्यला आन रडाले लागला. म्हणे, आई, एवढं पाणी कोनं भरून ठेवलं?" ती हसली. रसवंतीवाल्यालाही तिनं ते पुन्हा सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "माह्यं तिकीट नसन निंगालं तं तसं सांग. मी दरवाज्यापाशी बसतो. मले सवय हाय."

"बघू ना," नागसेन म्हणाला. हे ऑफिसातलं उत्तर. नाही म्हणायची हिंमत नसली की तिथं असंच म्हणतात. त्यानं रसाचे पैसे दिले आणि गाडीला किक मारली. सिंदी मेघे येईपर्यंत गाठोडं त्याच्या पाठीला लागत राहिलं.

घरी रुपेश आणि मोहिनी गाडीचं पक्कं करायला येऊन बसले होते. रुपेश भला माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. गुलाबबाईंना पाहताच तो उठून उभा राहिला.

"या काकू, बरं झालं आल्या. आता घराची काळजी नाही. नागसेन म्हणत होता, तुम्हाला प्रवास झेपत नाही म्हणून."

गुलाबबाईंनी लेकाकडे पाहिलं. लेक पंख्याकडे पाहत होता. जणू पंखा आजच पहिल्यांदा फिरत होता.

गुलाबबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "हाव बाप्पा. घर उघडं टाकून कसं चालन? मीच म्हटलं त्याले, तुमी जा, मी हावो इथं." मग त्यांनी गाठोडं सोडलं. दशम्या, जवसाची चटणी, भाजलेले शेंगदाणे, सगळं एकेक करून मोहिनीच्या पुढ्यात ठेवलं. "हे लेकराइले रस्त्यात खायाले. तुमच्यासाठीच केलं." गाठोड्याच्या तळाशी घडी घातलेलं दुसरं पांढरं लुगडं होतं. ते तेवढं त्यांनी परत झाकलं.

भावनानं ते लुगडं पाहिलं. स्वयंपाकघरात ती नवऱ्याला दबक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही तर म्हणाले, आईच नाही म्हणतात." नागसेन म्हणाला, "आता पाहुण्यांपुढं तमाशा नको." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण ते कबूल करायला तरी तोंड हवं ना!

निघायच्या दिवशी गुलाबबाईंनी मेणबत्त्यांची पिशवी त्याच्या हातात दिली. "तूच लाव आता. ध्यानात ठेव. लाल मंदाबाईची, निळी कोकिळेची, हिरवी मनकर्णाबाईची..." सगळ्या सांगून झाल्यावर शेवटची दाखवली. "हे बिनदोऱ्याची माही." रागाचा एक शब्द नाही. नागसेनला वाटलं, हिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुंबई झाली. गेटवे झालं, राणीची बाग झाली, अंदाजपत्रक रुपयानं चुकलं नाही. वर्षाली समुद्राला पाहून रडली नाही, ओरडली. राणीच्या बागेतून जुहूला जाताना ड्रायव्हर म्हणाला, "इथून चैत्यभूमी जवळच आहे. थांबायचं का कुणाला?"

रुपेशनं मागं वळून विचारलं, "नागसेन, तुला जायचं असेल तर थांबू. आम्हीही पाहू."

इतकं सोपं होतं ते. कुणी हसलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. पण आत गेलो तर पायऱ्या ओळखीच्या निघतील, वर्षाली काहीतरी विचारेल आणि आपलं 'पहिल्यांदाच' उघडं पडेल, एवढी भीती त्याच्या मनात. आणि पिशवीतल्या त्या रंगीत दोऱ्यांच्या मेणबत्त्या मोहिनीसमोर काढायच्या? नागसेन म्हणाला, "राहू दे. जुहूला उशीर होईल." भावनानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं ते जुहूपर्यंत आत वळवलं नाही. उद्या एकटाच येऊन लावून जाऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाजार निघाला, आणि मग परतीची गाडी.

घरी पोचले तर अंगण सारवल्यासारखं स्वच्छ. कुंड्या ओल्या, मोगरा फुललेला. गुलाबबाईंनी वर्षालीच्या गालावरून हात फिरवला, सगळ्यांना चहा दिला. नागसेन म्हणाला, "आई, तुहा फोन लागतच नोता. मी दोनदा लावला."

"बंद ठेवलता. मंदाबाईचा आला असता तं काय सांगतलं असतं मी? कालोनीतबी नाई निंगाली, नाचणगावचं कोणी दिसलं तं?" त्या त्याच्याजवळ सरकून बसल्या. डोळ्यांत काही कपट नाही, शाळेतल्या पोरीसारख्या ऐकायला बसल्या. "आता मले सांग बरं नीट. उन्हाळ्यात गर्दी नसन नं तिथं? लायनीत किती वेळ लागला? समुद्र भरला होता का वसरला होता? मले तिकडं सांगा लागन. मी मुंबईहून आली म्हणून साऱ्या येतीन ओसरीवर."

नागसेनच्या हातातली बशी कलली. चहा पँटवर सांडला.

"आजी, तिथं तर आपण गेलोच नाही," वर्षाली म्हणाली. "ड्रायव्हरकाका थांबवत होते. बाबाच नको म्हणाले."

नागसेन उठला. बॅगेतून पिशवी काढून त्यानं आईपुढं ठेवली. गाडीच्या डिकीत तापून मेणबत्त्या मऊ होऊन वाकल्या होत्या, एकमेकींना चिकटल्या होत्या. गुलाबबाईंनी त्या हळूहळू, दोरा तुटू न देता, सोडवल्या. लाल, निळी, हिरवी. सगळ्या ओळीनं मांडल्या. मग पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"माह्यं सोड रे. मी दरवर्षी गेलती, अजून जाईन. मले घरी ठेवलं, ठेवलं. तुले माही लाज वाटते, ते का आज समजलं मले? पण ह्या बायाइनं तुह्यं काय केलतं? मंदाबाई पाय तुटेल घेऊन दुकानावर गेलती ह्या एका मेणबत्तीसाठी!"

"आई, चुकलं माह्यं."

"मले नोको सांगू." त्यांनी मेणबत्त्या पिशवीत भरल्या, पदर खोचला. "इतके दिवस तोंड लपवून बसली मी तुह्यासाठी. आता नाई होत. चाल, सोडून दे मले. आन हे तूच वापस दे, ज्याची त्याले."

देवळीला गाडी थांबली नाही. नाचणगावात शिरताना उन्हं उतरत होती, बाया ओसऱ्यांवर बसल्या होत्या. गुलाबबाई सरळ आपल्या घरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. नागसेन पिशवी घेऊन रस्त्यात एकटा उभा राहिला. साऱ्या वस्तीचे डोळे त्याच्यावर. गाडी वळवून पळून जावं असं त्याला वाटलं, खरंच वाटलं. मग तो शेजारच्या दारापुढं जाऊन उभा राहिला.

मंदाबाई काठी टेकत बाहेर आली. चेहरा नुसता फुललेला. "आले का मुंबईहून? माय दमली असन तुही. लावली नं माही मेणबत्ती?"

नागसेननं लाल दोऱ्याची, वाकलेली मेणबत्ती तिच्यापुढं धरली. त्यानं, आजूबाजूच्या ओसऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आईच्या आवाजात बोलावं तसं सांगितलं, "नाई लावली मावशी. आई आलीच नोती. मी नेलंच नाई तिले."