माफी नको, सूट द्या!

किस्से शोधावे लागत नाहीत. चहाचा ट्रे घेऊन पडद्याआड जरा थांबलं की पुरे! माहेरी, जळगावला, जेवताना केळीच्या भावावर गप्पा चालायच्या. लग्न होऊन धुळ्याला आले तर इथे विषय एकच, सेल्सटॅक्स! सासरे, म्हणजे नाना, सेल्सटॅक्सचे वकील. ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत. ट्रस्ट, मंडळं, शाळा, सगळ्यांना टॅक्समाफी हवी असायची.

एकदा एका देवस्थानचे ट्रस्टी आले.

"लाडू विकता?" नानांनी विचारलं.

"छे! देणगी घेऊन प्रसाद देतो."

"आणि देणगी नाही दिली तर?"

"मग प्रसाद नाही!"

"कायद्यात याला विक्री म्हणतात."

ट्रस्टी गंभीरपणे म्हणाले, "कोणाच्या कायद्यात? देवाच्या?"

त्या रात्री मी यांना एक लाडू जास्त वाढला. हे हळूच म्हणाले, "पावती?"

मग एक हेडमास्तर. त्यांची शाळा मुलांना वह्या विकायची, 'ना नफा ना तोटा'. नानांनी हिशेब पाहिला. "सर, यात तर चांगला नफा दिसतोय!"

"तेव्हा गणिताचे सर रजेवर होते."

पण अक्कांची गोष्ट वेगळी. पिंपळनेरला त्यांचं महिला मंडळ मसाला कुटायचं. बहुतेक बाया विधवा, नाहीतर नवऱ्याने टाकलेल्या. पुडीवर टॅक्स बसला की मसाला महाग, मग घेणार कोण? बाया परत दुसऱ्याच्या शेतात मजुरीला! नानांनी फुकट अर्ज तयार केला, वर कोर्टफीचं तिकीटही लावलं. अक्कांनी पहिली ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"माफी? माफी कसानी? आम्ही काय चोरी करी का?"

"अक्का, कायद्याचा शब्द आहे तो."

"ऱ्हाऊ द्या. सही करनार नही!"

नाना समजावून दमले. अक्का पिशवी उचलून उठल्या. तेव्हा पडद्याआडून माझ्याच तोंडून निघालं, "सूट म्हटलं तर?"

अक्का थांबल्या. "सूट? हाई ठीक शे!" सही करून नानांकडे वळल्या. "तुम्हनी सून बोलस का? माले वाटनं मुकी शे!"

पुढे चौकशीसाठी सेल्सटॅक्सचे साहेब पिंपळनेरला जाणार होते. "सूनले बी आना," असा अक्कांचा निरोप, म्हणून नानांनी मलाही नेलं. मिरच्यांचा खकाणा उडालेला. साहेब एक प्रश्न विचारायचे, दोनदा शिंकायचे. वह्या पाहिल्या, बायांना विचारलं, पण चेहऱ्यावरून काही कळेना. "बघू," एवढंच म्हणून उठले. कांडणं थांबलं. सगळ्या बाया साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

अक्कांनी मसाल्याची पुडी पुढे केली. "घरना करता. चव देखा."

साहेब दोन पावलं मागे सरकले. "माफ करा, अक्का. मला हे घेता येणार नाही."

"माफी?" अक्का म्हणाल्या. "अर्ज करा. तिकीट लायीसन!"

नानांनी डोळे मिटले. मी पदर तोंडात धरला.

साहेब परत खाली बसले. एकदा शिंकले. मग मंडळाचा अर्ज काढून म्हणाले, "पेन द्या."