कोकणात सापडलेली कवडी

आमच्या दुसरबीडपासून समुद्र इतका लांब, की त्याच्याबद्दल मी काहीही ठोकून दिलं तरी कुणी हटकत नाही. त्यामुळे कोकणात पाय ठेवला आणि मी तज्ज्ञच झालो. दिसेल ते झुडूप, दिसेल तो पक्षी फोनवरच्या ॲपला दाखवत सुटलो. बायको वैतागून सुरूच्या सावलीत जाऊन बसली.

परत निघताना आमच्या गाडीशेजारच्या वाळूत एक कवडी दिसली. दातेरी तोंड वर करून पडलेली. मी गुडघे टेकून फोटो काढला, ‘दुर्मीळ नमुना’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला आणि कवडी बायकोच्या हातात देऊन तिला भरती-ओहोटी समजावू लागलो.

तिने कवडी उलटी केली. पाठ घासून पाडलेलं भोक, त्यात लाल दोऱ्याचा तुकडा.

“अहो, पोळ्याले बैलाच्या माळेतून तुटलेली कवडी हाय हे. तुम्हीच गाडीच्या किल्लीले बांधली होती न?”

मी खिशातून किल्ली काढली. तिला नुसता लाल दोरा लोंबत होता.

“पण मूळची समुद्रातलीच ना,” मी म्हणालो.

“हाव,” ती म्हणाली. “पुढच्या खेपेले बैलालेच आणू. तो तरी ओळखीन.”