आयाच्या थडग्यावरचा पाव

त्या वर्षी मी देवावर रागावले होते असं म्हणणं बरोबर होणार नाही. रागवायलाही थोडं नातं लागतं, आणि तेवढंही माझ्यात उरलं नव्हतं. एकवीस सालच्या एप्रिलमध्ये पुण्यात आई गेली. मी आयर्लंडमध्ये, एनिसच्या आमच्या भाड्याच्या घरात, किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसले होते. वहिनीचा फोन आला. "ताई, आई गेल्या," एवढंच ती म्हणाली. दादा त्या वेळी दुसऱ्याच हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होता, वहिनी मुलांसकट घरात बंद. आईला कोणी पाहिलं नाही. महापालिकेच्या माणसांनी तिला नेलं, त्यांनीच सगळं उरकलं. विमानाचं तिकीट शोधायचं सोंग मी दोन दिवस करत राहिले. जाता येणार नव्हतं, हे मला पहिल्या तासातच कळलं होतं.

माझ्या मनात एकच गोष्ट रुतून बसली. शेवटी ती काय बोलली? तिने कोणाला हाक मारली? मी त्या हॉस्पिटलच्या वॉर्डात इतके फोन केले की तिथल्या सिस्टर माझा आवाज ओळखू लागल्या. त्यातली एक शेवटी म्हणाली, "ताई, खोटं कशाला सांगू? त्या पाळीला मी नव्हते. आणि असते तरी मास्कच्या आत कोण काय बोलतंय ते ऐकू येत नाही हो." ती माझ्याशी खरं वागली, पण मला तो खरेपणा सोसला नाही. आमचं दैवत कोल्हापूरची अंबाबाई. आई तिला कधी देवी म्हणायची नाही, 'आई'च म्हणायची. "आई बघेल," हे तिचं सगळ्यावरचं उत्तर. मी सहा वर्षं एनिसमध्ये रोज संध्याकाळी दिवा लावत होते, तो बंद झाला. मुद्दाम नाही. एक दिवस राहिला, मग दुसरा राहिला, आणि मग मला त्याचं काही वाटेनासं झालं. कोणी बघत असेल तर तेव्हा का बघितलं नाही, असा साधा हिशोब माझ्या मनात होता.

मे महिन्यात नवरा मागे लागला म्हणून मी दुपारी चालायला जाऊ लागले. गावाबाहेर तीनेक किलोमीटरवर एक जुनं छोटं चर्च आहे. इथली बहुतेक वस्ती कॅथलिक, हे चर्च मात्र प्रॉटेस्टंट लोकांचं, आणि त्यांची या भागात आता जेमतेम आठ-दहा कुटुंबं उरली आहेत. भोवती दगडी कुंपण, आत तिरक्या झालेल्या, शेवाळलेल्या थडग्यांच्या पाट्या. तिथे कोणी नसतं म्हणून मी कुंपणावर बसून रडून घ्यायची. एकदा मान वर केली तर एक उंच म्हातारा समोर उभा, एका हातात बादली आणि काखेत चक्क बाथरूमचा आरसा. त्याने दोन मीटरचं अंतर सोडून विचारलं, "यू ग्रँड?" म्हणजे इकडच्या बोलीत, ठीक आहेस ना? मी ग्रँड नाही हे कोणालाही दिसलं असतं. आई गेल्याचं मी सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "सॉरी फॉर युअर ट्रबल." इथे कोणी गेलं की असंच म्हणतात. ही प्रथा मला ठाऊक होती, पण माझ्या वाट्याला ते शब्द पहिल्यांदाच आले. ऑफिसने फुलं पाठवली होती, मैत्रिणींनी मेसेज केले होते. माझ्यासमोर उभं राहून टोपी काढणारा तो पहिलाच माणूस.

त्याचं नाव नोएल. आयुष्यभर गुरांचा डॉक्टर होता. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या चर्चमधल्या सगळ्या स्मृतिशिला वाचून त्यांची यादी करायचं काम त्याने अंगावर घेतलं होतं. झिजलेली अक्षरं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आरसा तिरका धरून उन्हाची तिरीप दगडावर पाडली की सावल्यांमधून ती उठून येतात. "आरसा धरायला मेरियल यायची, पण तिचे गुडघे आता साथ देत नाहीत," तो म्हणाला. मेरियल म्हणजे त्याची बायको. मी आरसा हातात घेतला. त्यानंतर दोन-तीन आठवडे मी रोज जात होते. तो वाचायचा, मी आरसा धरायची, आणि घरी येऊन सगळं लॅपटॉपवर तक्त्यात भरायची. नाव, वय, कोणाची मुलगी, कोणाचा नवरा, काही शेरा. अनोळखी मेलेल्या माणसांची नावं नीट लिहिताना मला बरं वाटायचं. का ते मी स्वतःला विचारलं नाही.

एके दिवशी आम्ही उत्तरेच्या भिंतीपाशी पोचलो. तिथे गुडघ्याएवढा एक दगड होता. मी आरसा फिरवला आणि चारच अक्षरं उमटली. ए, वाय, ए, एच. "ही एया," नोएल म्हणाला. "हिंदुस्थानातली बाई. इथल्या बड्या घरातला साहेब पलटणीतून परतला तेव्हा मुलांबरोबर हिलाही घेऊन आला. तू इथे आलीस त्या दिवसापासून तुला हा दगड दाखवायचा होता, पण क्रमाने जावं म्हटलं."

मी म्हटलं, "नोएल, हे नाव नाहीये. मुलं सांभाळणाऱ्या बाईला आमच्याकडे आया म्हणतात."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे दीडशे वर्षं आम्ही तिला तिच्या कामाच्या नावाने ओळखतोय? आणि खरं नाव?" ते आता कोणाला कळणार नव्हतं.

मग त्याने विचारलं, "तुझी भाषा कोणती? हिंदी?" मी मराठी म्हटलं. तो म्हणाला, "तुमच्याकडे शेकडो भाषा आहेत म्हणे, म्हणून विचारायला धीर होत नव्हता. इथल्या वहीतली एक नोंद एकदा डब्लिनच्या एका हिंदी जाणणाऱ्या गृहस्थाला दाखवून झालीय, त्यांना काही लागलं नाही." तो आत गेला आणि चर्चच्या लोखंडी कपाटातली दफनाची जुनी नोंदवही दोन्ही हातांवर घेऊन आला. अशा कितीतरी वह्या डब्लिनला जमा केल्या होत्या आणि शंभर वर्षांपूर्वीच्या आगीत जळून गेल्या. या चर्चची वही इथेच राहून गेली म्हणून वाचली. त्याने पान उघडलं. तेव्हाच्या धर्मगुरूने बारीक तिरक्या अक्षरात समासात लिहून ठेवलं होतं. बड्या घरची मंडळी डब्लिनला गेलेली असताना ही बाई छातीच्या दुखण्याने आजारी पडली, म्हणून तिला आमच्या घरी आणलं. माझी पत्नी शेवटपर्यंत तिच्याजवळ होती. तिची भाषा आम्हाला येत नव्हती. शेवटी दाराकडे पाहून ती पुन्हा पुन्हा काही म्हणत होती आणि तिचा चेहरा आनंदी होता. ते शब्द कानावर पडले तसे लिहून ठेवतो, पुढे कोणी अर्थ सांगेल.

"पहिलं काय आहे ते कोणालाच कळलं नाही," नोएल म्हणाला, "पण पुढचं स्पष्ट आहे. व्हॉट सोडा."

त्याने ते इतक्या सहज इंग्रजीत म्हटलं की मलाही क्षणभर तसंच ऐकू आलं. मग मी स्वतः वाकून ती अक्षरं वाचली. इंग्रजी विसरून, एकेक अक्षर जोडत, ओठ हलवत वाचली.

आई आली. आई आली. वाट सोडा.

मी ओल्या गवतात खाली बसले. नोएल घाबरून वाकला, अंतर वगैरे विसरला. "तुला चक्कर आली का? मेरियलला फोन करू?" मी मान हलवून नको म्हटलं. दीडशे वर्षांपूर्वी क्लेअर काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, या कोपऱ्यात एक बाई मेली. तिला तिच्या नावाने हाक मारणारं कोणी जवळ नव्हतं. तिच्या उशाशी बसलेल्यांना ती माझ्या आईच्या भाषेत सांगत होती, दारातून बाजूला व्हा, आई आलीय. ज्या प्रश्नासाठी मी पुण्यातल्या एका वॉर्डात महिनाभर फोन करत होते, त्याचं कोणा दुसरीचं उत्तर माझ्या पुढ्यात शाईने लिहिलेलं होतं. मला आनंद झाला नाही. आधी भीती वाटली, हे प्रामाणिकपणे सांगते. कोणी मागून खांद्यावर हात ठेवावा आणि वळून बघायचं धाडस होऊ नये, तशी.

नोएलला मी अर्थ सांगितला. त्याने वहीतली ती ओळ पुन्हा एकदा पाहिली. मग हळूच म्हणाला, "तिची आई? इथे कशी येईल?"

"आमच्याकडे देवीलाही आईच म्हणतात."

"मग यातली कोणती आली?"

"ते तिलाच ठाऊक," मी म्हटलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा कोणासमोर मोकळेपणाने रडले.

थोड्या वेळाने नोएलही कुंपणाला टेकून खाली बसला. "आणि आम्ही समजलो की तिला सोडा ब्रेड हवा होता," तो म्हणाला. सोडा ब्रेड म्हणजे इथे घरोघरी भाजतात तो खायच्या सोड्याचा पाव, पण त्याचा इथे काय संबंध ते मला कळेना. तेव्हा त्याने सांगितलं. त्या धर्मगुरूच्या बायकोला मरेपर्यंत टोचणी होती, की बिचारी सोडा ब्रेड मागत गेली आणि मी वेळेवर दिला नाही. म्हणून दर वर्षी सुगीच्या प्रार्थनेच्या दिवशी ती या दगडावर घरी भाजलेल्या पावाचा तुकडा ठेवायची. तिच्यानंतर दुसऱ्या कोणीतरी ठेवला. पुढे नोएलच्या आजीने, मग त्याच्या आईने, आता मेरियल ठेवते. युद्ध झालं, ते बडं घर जळालं, चर्चला येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली, तरी पाव चुकला नाही. "सगळं एका गैरसमजावर," तो मान हलवत म्हणाला. "आता काय करायचं?"

सुगीची प्रार्थना कधी असते, मी विचारलं. सप्टेंबरच्या अखेरीस, तो म्हणाला. आमच्याकडे बहुधा तेव्हाच पितृपक्ष असतो, हे मी त्याला सांगितलं. जिचं नाव, गाव, गोत कोणालाच माहीत नाही, जिच्या मागे पाणी सोडायलाही कोणी नाही, तिच्या नावाने परक्या देशातल्या परक्या धर्माच्या बायका दीडशे वर्षं अन्न ठेवत होत्या. आपण काय करतोय हे त्यांना माहीत नव्हतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो, पुराव्याशिवाय बोलत नाही. "उच्चार जुळला असेल," तो म्हणाला, "इंग्रज माणसाने ऐकून लिहिलेलं." असेलही. मी वाद घातला नाही. कित्येक दिवस मी स्वतःच सुन्न होते. मीटिंगमध्ये कोणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायला वेळ लागायचा. वहीतली ती ओळ डोळ्यांपुढून हलत नव्हती. पण वॉर्डात फोन करणं थांबलं. ठरवून नाही. एक दिवस लक्षात आलं की आठवडाभर मी फोनच केला नाही.

सप्टेंबरमध्ये नोएलने बोलावलं. चर्चमध्ये दहा-बारा माणसं होती, सगळी मास्क लावून, खिडक्यांच्या कट्ट्यांवर भोपळे, सफरचंदं आणि ओटच्या ओंब्या मांडलेल्या. प्रार्थना संपल्यावर आम्ही उत्तरेच्या भिंतीपाशी गेलो. मेरियल काठी टेकत आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेला पाव होता, अजून कोमट. तिने सरळ मलाच विचारलं, "तिने हा मागितलाच नव्हता, हे आता आम्हाला कळलंय. मग ठेवू की नको? तू सांगशील तसं."

"ठेवा," मी म्हटलं. "तिला पोचतोय."

मेरियलने तुकडा मोडून दगडावर ठेवला. मी बाटलीत पाणी आणि पुडीत काळे तीळ आणले होते. विधी मला नीट येत नाही. मंत्र पाठ नाहीत, दक्षिण दिशा कुठली तेही फोनवर बघावं लागलं. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा 'आया' म्हणवेना, म्हणून नुसतं 'बाई, तुझ्यासाठी' म्हटलं आणि ओंजळीतून पाणी सोडलं. मग आईच्या नावाने सोडलं. नोएल टोपी हातात घेऊन उभा होता.

माझी आई शेवटी काय म्हणाली, ते मला आजही माहीत नाही, आणि ते कळलंच पाहिजे हा हट्ट मी सोडला आहे. पूर्वी मला वाटायचं की समर्पण म्हणजे काहीतरी मोठं करायचं असतं, नवस, उपास, पायी जाणं. माझ्या वाट्याला आलं ते एवढंच, की ज्या दारात मी उभी नव्हते तिथे कोण आलं असेल, हे ठरवायचा अधिकार आपला नाही हे मान्य करणं. पुण्यात माझ्या आईला ज्यांनी उचललं, त्यांना तिचं नाव नीट वाचायलाही वेळ मिळाला नसेल. त्यांनी कोणते शब्द म्हटले, काही म्हटले की नाही, काय चुकलं, मला ठाऊक नाही. त्यांना मी कधी भेटणार नाही. पण संध्याकाळी हात जोडते तेव्हा आईच्या आधी त्यांची आठवण काढते. त्यांनी जे काही केलं, ते पोचलं.