आपलं काही विशेष नाही

"आपलं काही विशेष नाही," असं म्हणून ती फोन पर्समध्ये टाकायची आणि पर्सची चेन शेवटपर्यंत ओढायची. सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये हे ठरलेलं होतं. ती पुनावळ्याला चढायची, मी निगडीला. शेजारच्या सीटवर डबा ठेवून तिने माझी जागा धरलेली असायची. मी बसेपर्यंत तिचा अंगठा फोनवर सुरू झालेला असे. दोन-तीन ओळी लिहायची, वाचायची, पुसून टाकायची. पुन्हा लिहायची, पुन्हा पुसायची. भोसरी येईपर्यंत हा उद्योग चाले. शेवटी एक लाल बदाम पाठवून द्यायची आणि ते वाक्य मला ऐकवायची.

चाकणच्या आमच्या कारखान्यात ती डिझाइनला होती, मी पर्चेसला. मूळची परभणीची, पस्तिशीची, एकटी राहणारी. लॉकडाऊनमध्ये तिने जपानी शिकायला ऑनलाइन क्लास लावला होता. जपानी लवकरच बारगळलं, पण क्लासमधल्या पाच-सहा जणींचा ग्रुप टिकला. सगळ्या मराठीच, वेगवेगळ्या गावच्या. एकमेकींना कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, तरी रोज बोलणं चाले. आणि दर सोमवारी ग्रुपवर कुणीतरी विचारायचंच, "काय गं, सुट्टीत काय काय केलंत?"

"बघ ना," म्हणून ती फोन माझ्यापुढे धरायची. नाशिकची एक जण मॅरेथॉन पळायची. बंगळुरूची एक नाटकात काम करायची. आणखी एक तर एकटीच स्कूटरवरून हिमाचल फिरून आली होती. तिच्या बोलण्यात हेवा नसायचा. घरातल्या पोरीचं करावं तसं कौतुक असायचं. फक्त फोन बंद केल्यावर बसच्या काचेत दिसणाऱ्या स्वतःकडे ती जरा वेळ बघत राहायची. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. दुसऱ्यांचे फोटो बघता बघता स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वावरायला लागलेलं.

"आणि तू काय केलंस?" मी विचारायची.

"मी? कपडे धुतले. आठवड्याचा लसूण सोलला. संध्याकाळी बाल्कनीच्या दिव्यावर एक पतंग आला, तो बघत बसले. हे काय सांगायचं?"

पतंग म्हणजे दिव्यावर येतात ते. त्यांचं तिला वेड होतं. आमच्या गेटवर सिक्युरिटीच्या केबिनमागे एक पांढरी भिंत आहे. तिथला मोठा दिवा रात्रभर चालू असतो, त्यामुळे सकाळी त्या भिंतीवर पतंग पंख पसरून बसलेले असायचे. आम्ही सगळे पंचिंगला धावायचो आणि ही माझी बाही धरायची. "थांब गं, एक मिनिट."

"हा बघ. आपल्याच कुंपणाच्या कण्हेरीवर वाढलाय. गालिचा वाटतो की नाही?"

मला किड्यांची किळस. मी लांबूनच "हो हो" म्हणायची. पण गेटवरचे काका, चाकणजवळच्याच एका गावातले, तिच्या नादाला लागले होते. "आमी तर झाडूनं झटकून टाकायचो यांना," ते मला म्हणाले होते. "म्याडमनी दाखवल्यावर कळलं, येकासारखं दुसरं न्हाई." एकदा बस गेटमध्ये शिरते न शिरते तोच ते हात हलवत पुढे आले. "म्याडम, पळा! लांब शेपटाचं हिरवं आलंय!" ती पर्स, डबा, ओढणी सगळं सावरत धावत सुटली. एवढं पळताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. भिंतीपाशी जाऊन ती गुडघे टेकून बसली, आणि तिचा चेहरा असा झाला, की मीही त्या दिवशी जवळ जाऊन बघितलं.

"याचा फोटो टाक की ग्रुपवर," मी म्हटलं.

"वेडी का तू? त्यांना काय त्याचं? किडे आहेत गं ते."

मग तिनेही काहीतरी करून बघायचं ठरवलं. झुंबा लावला आणि पाय मुरगळून घरी बसली. एकदा मला घेऊन रावेतला एका कॅफेत गेली, वरच्या फेसावर पानाची नक्षी काढलेली कॉफी मागवली. मी वरून, बाजूने, खिडकीच्या उजेडात तिचे फोटो काढत राहिले आणि कॉफी गार झाली. फोटो तिने टाकला आणि बिल येईपर्यंत काढूनही टाकला. "खोटं वाटतंय गं. मला तर कॉफीने ॲसिडिटी होते." आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता ती थांबली आणि म्हणाली, "बाकीच्यांना हे सगळं कसं जमतं?"

गेल्या पावसाळ्यात त्या साऱ्या जणींचं पुण्यात भेटायचं ठरलं. हिने नवा कुर्ता शिवून घेतला. आठवडाभर बसमध्ये एकच विषय. "मला पाच मिनिटं बोलता येईल असं काहीतरी सुचव ना."

"पतंगांचं सांग."

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

सोमवारी मी विचारलं, "कसं झालं?"

"छान. फार चांगल्या आहेत गं सगळ्या." बरंच अंतर गेल्यावर ती आपणहून बोलली. "मलाही विचारलं त्यांनी, तुझं काय चाललंय. मी म्हटलं, आपलं काही विशेष नाही. मग जेवण आलं."

"पतंगांचं नाही बोललीस?"

"नाही जमलं. एक जण डोंगरावरून उडी मारल्याचं सांगत होती. त्यात मी काय म्हणू, आमच्या गेटवर किडे येतात?"

कुणी तिचा अपमान केला नव्हता, कुणी वाईट वागलं नव्हतं. पण त्यानंतर ती भिंतीपाशी थांबेनाशी झाली. माझ्याही पुढे जाऊन पंचिंग करायची. काकांनी एकदा मला गाठलं. "म्याडमचं काय बिनसलंय का? सकाळधरनं दोन हाका मारल्या, वळून न्हाई बघितलं." मी काय सांगणार? मी म्हटलं, "काम वाढलंय."

पावसाळा सरत आला आणि तिला ताप भरला. गोळ्या घेऊन ती कामावर येत राहिली. मी ओरडले तेव्हा रजा टाकली. डेंग्यू निघाला. दवाखान्यात भेटायला गेले तर म्हणाली, "ग्रुपवर नाही सांगितलं मी. तिकडे कुणाचा वाढदिवस चाललाय. मध्येच माझा ताप कशाला?" फोनवर केक कापतानाचे फोटो होते. तिने बदाम पाठवला आणि डोळे मिटून घेतले. दोन दिवसांनी तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी बसमध्येच होते. शेजारची सीट रिकामी होती.

तेराव्यानंतर घर रिकामं करायला तिची आई आणि भाऊ आले, त्या रविवारी मी मदतीला गेले. जिन्यात एक अनोळखी बाई भेटली. ग्रुपमधली, नाशिकची. भावाने मेसेज टाकल्यावर पत्ता विचारून आली होती. "आम्हाला वाटायचं, तिला आमच्या गप्पांचा कंटाळा येतो," ती म्हणाली. "कधी काही बोलायचीच नाही. नुसता बदाम." मी म्हटलं, तसं नव्हतं. आणि तिला खाली घेऊन गेले.

खाली टेम्पोत सामान भरून झालं होतं. कितीसं असणार? भावाने आईला सांगितलं, ही ताईची नाशिकची मैत्रीण. आईने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"तूच का गं पळणारी?"

"हो, काकू."

"गुडघा काय म्हनतोय तुझा? डॉक्टरनं पळू नको म्हनलं तरी ऐकत नाही म्हने तू. आन् ती नाटकातली? तिच्या सासूनं हो म्हनलं का शेवटी?"

त्या बाईचा हात आपोआप गुडघ्याकडे गेला.

"दर रविवारी फोन करायची लेक," आई म्हणाली. "तुमचंच सांगायची सगळं. माझ्या मैत्रिनी इथं गेल्या, तिथं गेल्या. तुम्हाला कधी बघितलं नाही, पर सगळ्याजणी ठाव्या हायत मला." मग जरा जवळ सरकून तिने हळूच विचारलं, "ती बी यायची का गं तुमच्यासंगं? फिरायला?"

मी मान खाली घातली. उभ्या आयुष्यात तिच्या लेकीला एकदाच भेटलेली ती बाई पुढे झाली आणि तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले.

"यायची की, काकू. तिच्याशिवाय आम्ही कुठे जायचोच नाही."

"बरं झालं माय," आई म्हणाली. "मला आपलं वाटायचं, एकटंच बसतंय की काय लेकरू."

भावाने आईला ड्रायव्हरशेजारी बसवलं. बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी तिने मागे ठेवू दिली नाही, मांडीवर घेतली. नाशिकची ती मैत्रीण हात वर करून उभी होती. टेम्पो हायवेकडे वळला, दिसेनासा झाला, तरी तिने हात खाली घेतला नाही.