पान एक्केचाळीस ते सेहेचाळीस

स्क्रीनवर शून्य आलं. मी तीनदा नाव टाकून पाहिलं, तिन्ही वेळा शून्यच. खरात सर माझ्या टेबलाशी उभे होते, हातात प्रोफेसरपदाच्या प्रमोशनचा फॉर्म. आमच्या कॉलेजातले बॉटनीचे सीनियर प्राध्यापक, रिटायरमेंटला जेमतेम सव्वा वर्ष राहिलेलं. त्यांची फाईल आधी दोनदा परत आली होती. दोन्ही वेळा शेरा एकच: संशोधनाचा प्रभाव दिसत नाही. या वेळी परत आली असती, तर चौथ्यांदा पाठवायला वेळच उरला नसता.

"म्हंजे माझं काम कुणालाच कामाला आलं न्हाई," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मी घनसावंगी तालुक्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्रभाव म्हणजे काय, ते आधी सांगते. कुणीही शोधनिबंध लिहिला, की शेवटी एक यादी देतो: मी अमक्याचं, तमक्याचं काम वाचलं, त्याचा आधार घेतला. त्या यादीत तुमचं नाव आलं की ते तुमचं एक सायटेशन. यादीवरून मागे कोण होतं ते कळतं. पुढे कोण आलं ते कळायला सगळ्यांच्या याद्या गोळा करून उलट्या लावाव्या लागतात. त्याला सायटेशन इंडेक्स म्हणतात. मोसंबीवाल्याला हे लगेच कळतं. आपल्या बागेतल्या कलमांना कुणाच्या झाडाचा डोळा बांधलाय हे सगळेच सांगतात. आपल्या झाडाचे डोळे कुणाकुणाच्या बागेत गेले, हे सांगणारा विरळा.

विज्ञानातल्या लेखांसाठी हे काम अमेरिकेतल्या एका गृहस्थांनी उभं केलं. लायब्ररी सायन्सच्या परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न हमखास असायचा, म्हणून मला ते पाठ आहेत. कल्पना त्यांना वकिलांच्या पुस्तकांवरून मिळाली. जुन्या निकालाचा दाखला पुढे कुठे दिला गेला, याची नोंद वकील आधीपासून ठेवत. या गृहस्थांनी तो इंडेक्स केला लेख शोधायला. त्यावर माणसं मोजणं नंतर वाढलं.

सरांचा लेख होता मोसंबीच्या डिंक्या रोगावर. झाडाच्या बुंध्यातून डिंक गळतो आणि झाड वाळत जातं, तो रोग. कुंभार पिंपळगावच्या बागांमध्ये चार वर्षं फिरून त्यांनी तो लिहिला, आणि शेतकऱ्यांना कळावा म्हणून मराठीत, एका त्रैमासिकात छापला. ते त्रैमासिक इंटरनेटवर नाही. कॉम्प्युटर शून्य दाखवणार नाही तर काय.

"सर, कॉम्प्युटरला दिसत न्हाई याचा अर्थ न्हाईच असा न्हाई," मी म्हटलं. "मला आठ दिवस द्या."

प्राचार्यांनी रजा दिली नाही, ड्युटी लीव्ह दिली. त्यांनाही सरांचं प्रमोशन हवंच होतं, कॉलेजचं नाव होतं. मी एसटीनं एका कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले. तिथल्या कपाटांत एम.एस्सी.चे प्रबंध असतात, जाड रेक्झिन बाइंडिंगचे. इंटरनेटवर तेही नाहीत. मी प्रबंध मागून वाचते. शेवटची यादी काढायची, बोट फिरवत खाली यायचं, नाव सापडलं की कार्डावर उतरवायचं. तिथले ग्रंथपाल म्हणाले, मॅडम, लेखकाच्या आईनं पण इतकी शेवटची पानं पाह्यली नसतील.

पहिल्या दिवशी पाच सापडले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्डं झाली चौदा. मी एसटी स्टँडवरून प्राचार्यांना फोन केला. चौदा, म्हटलं. ते म्हणाले, वा, सरांचं काम झालं समजा.

दुसऱ्या दिवशी पुराव्याला जोडायला मूळ लेखाची झेरॉक्स काढायची होती. माझ्या कपाटातून त्रैमासिकाचा तो अंक काढला. वरच्या कार्डावर पान होतं एक्केचाळीस ते सेहेचाळीस. अंक उलटला, तर तो छत्तीस पानांवर संपला.

कव्हर पाहिलं. वर्ष बरोबर, अंक बरोबर. सरांचा लेख होता पान चौदा ते एकोणीस. कार्डं पुन्हा टेबलावर मांडली. तिघांनी पान चौदा लिहिलं होतं. बाकी अकरा जणांनी अंकात नसलेलं पान दिलं होतं, सगळ्यांनी तेच. याचा अर्थ उघड होता. अकरा जणांनी अंक हातात धरलाच नव्हता. कुठून तरी ओळ उतरवली होती.

आमच्याकडे हे चालतं. मागच्या वर्षीच्या सीनियरचा प्रबंध घ्यायचा, त्याची शेवटची यादी जशीच्या तशी उतरवायची. गाईडही पाहत नाही, कारण त्यानंही तसंच केलेलं असतं. पण पहिली चूक कुणाची, हे मला कळेना. आणि मग कळलं, तेव्हा कान तापले.

नोकरीला लागल्यावर मी पहिलं काम केलं ते कॉलेजच्या सगळ्या प्राध्यापकांच्या लेखांची सूची. स्वतः टाइप केली, पुस्तिका छापून घेतली, जवळपासच्या सगळ्या कॉलेजांना पोस्टानं पाठवली. माझे वडील कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचे. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. 'संकलन' या शब्दाखाली माझं नाव आहे, म्हणून एक प्रत त्यांनी शोकेसमध्ये लावून ठेवली आहे, अजून तिथंच आहे. मी ग्रंथालयातली प्रत काढली. खरात, डिंक्या रोग, पृष्ठे ४१–४६. चौदाचे एक्केचाळीस मीच केले होते, आणि पुढचा आकडा त्याला जुळवून टाकला होता.

प्राचार्यांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, चौदा हायेत ना? मंग चौदा लिहा. कमिटी काय पानं मोजत बसती का?"

मी खरात सरांकडे गेले. फॉर्म त्यांचा होता, चूक माझी होती. सगळं सांगितलं. सर बराच वेळ कार्डं चाळत राहिले.

"म्हंजे अकरा जणांनी माझा लेख वाचलाच न्हाई."

"न्हाई सर. माझी सूची वाचली."

"चला, तुमची तरी वाचली." मग चष्मा काढून म्हणाले, "मुलाखतीत कुणी म्हणलं, खरात, पान एक्केचाळीस काढून दाखवा, तर मी कुठून काढू? तीन लिहा."

मी तीन लिहिले. सोबत वेगळ्या कागदावर उरलेले अकरा दिले, शेजारी नोंद केली: हे ग्रंथालयाच्या सूचीवरून घेतलेले दिसतात, सूचीत पृष्ठक्रमांक चुकला आहे, चूक ग्रंथपालाची. सही केली. प्राचार्य दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले.

मुलाखतीच्या दिवशी मला आत बोलावलं. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते, वयस्कर. समोर माझा तो कागद होता.

"ही सही तुमची? असं लिहायला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई सर. पान नव्हतं, म्हणून लिहिलं."

त्यांनी तीन प्रबंध मागितले. मी झेरॉक्स आणल्या होत्या. तिसरा प्रबंध त्यांनी नीट वाचला. त्या विद्यार्थिनीनं सरांच्याच बागांत जाऊन पुन्हा निरीक्षणं घेतली होती आणि लिहिलं होतं, की काळ्या जमिनीत खरातांचा निष्कर्ष टिकत नाही. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा जोडायची काय गरज होती, असा तो चेहरा.

"खरात, यांनी तुम्हाला चूक ठरवलं," तज्ज्ञ म्हणाले.

"बराबर ठरवलं सर," खरात सर म्हणाले. "मी हलक्या जमिनीच्याच बागा जास्त पाह्यल्या होत्या."

तज्ज्ञांनी फाईल मिटली. "चूक काढायची तर लेख वाचावा लागतो. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही." आणि शेरा लिहायला घेतला.

सरांचं प्रमोशन झालं. रिटायर झाले ते प्रोफेसर म्हणूनच.

सूचीच्या आमच्याकडच्या प्रतीत मी शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली. ज्यांना ज्यांना पुस्तिका पाठवली होती, त्या सगळ्या कॉलेजांना पत्र गेलं. वडिलांच्या शोकेसमधल्या प्रतीत मात्र तसंच आहे. मागच्या महिन्यात एक नवा प्रबंध ग्रंथालयात भेट आला. सवयीनं मागून उघडला. खरात, डिंक्या रोग. पान एक्केचाळीस ते सेहेचाळीस.

माझं शुद्धिपत्र अजून कुणी साइट केलेलं नाही.