बांध नव्हे, भिंत

पेणहून रोह्याकडे जाताना आमचं गाव लागतं. बाबांच्या माघारी त्यांचं कौलारू घर मी दुरुस्तीला काढलं, तेव्हा पहिले आडवे आले ते माझे सख्खे काका. त्यांचं घर आमच्या मागेच, मधे आठ-दहा हातांची पट्टी. मला तिथं स्वयंपाकघर वाढवायचं होतं, त्यांना तिथून गाडी न्यायची होती.

"तुझं घर मागल्या भिंतीपाशी संपलं," काका म्हणाले. "एकटीला जागा लागते किती?"

माझं टाळकंच सटकलं. एकटी म्हणजे काय अर्धी? बाबांचं आजारपण मी काढलं, दर वर्षी कौलं मी चाळून घेतली, आणि आता माझी जागा ठरवणार हे! गवंड्याला म्हटलं, मागूनच खणायला घे.

गुडघाभर खाली पहार खणकन वाजली. काळे दगड, एकाला एक लागून, सरळ रेषेत, मागल्या भिंतीपासून चांगले सहा हात पलीकडे.

"ताई, जुना पाया हाय हा," गवंडी म्हणाला.

काका धावतच आले. "पाया कसला? बांध हाय तो. पूर्वी हितपर्यंत शेत होतं."

गवंडी काकांच्या तोंडाकडे बघत थांबला. "बघतोस काय? आतल्या अंगाला खण!" मी ओरडले. खरं सांगते, खात्री मलाही नव्हती. नुसती माती निघाली असती तर गावभर हसं झालं असतं. पण माघार? नाव नको.

दुपारी उखळ लागलं. दगडी, जमिनीत पक्कं बसवलेलं, कडेचा टवका उडालेलं.

"टाकलं असंल कुणी," काका म्हणाले.

आवाज ऐकून काकी आली. काकांपुढं ती बोललेली मी आजवर ऐकली नव्हती. पदर खोचून ती खड्ड्यात उतरली आणि त्या टवक्यावरून बोट फिरवलं.

"माझ्या मुसळानं उडालाय हा. नवी नवरी व्हते गो. सासूनं त्या दिवशी जेवू घातलं नाय."

वाटण्यांआधी सगळे ह्याच घरात राहायचे. ही कांडपाची खोली एका पावसाळ्यात पडली, ती पुन्हा कुणी उभारलीच नाही. काकीनं तिथंच बसून सांगितलं.

"गप! घरी चल," काका खेकसले.

"नाय गप बसत. पोहे तुमी खाल्लेत, कांडले म्या. हितं, ह्या भिंतीच्या आत. बांध म्हणता?"

काका पाय आपटत गेले. काकी हलली नाही.

भिंत त्या जुन्या पायावरच उठली. उखळ स्वयंपाकघरात मधोमध आहे. फरशीवाला कुरकुरला, आलागेला ठेचकाळतो. ठेचकाळू दे. काकी रोज दुपारी मागच्या दारानं येते. काका त्यांच्या घराच्या ओट्यावरून विचारतात, "कुठं चाललीस?"

"माझ्या खोलीत," ती सांगते आणि येते.