पातळ डिंक
बाभळीचा डिंक भिजत घातला की त्याला आंबूस वास सुटतो, आणि तो वास आला की मला वरकुट्याची बालवाडी आठवते. नव्वदच्या दशकात मी तिथं शिकवायचे. एकदा मी पोरांना पुठ्ठ्यावर बोटानं डिंक लावून वर नीरा नदीतली वाळू भुरभुरायला सांगितली. डिंक असेल तिथंच वाळू राहते, एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ होतं. सगळ्यांना पुरेल म्हणून डिंकात मी पाणी वाढवलं. पाच वर्षांच्या एका मुलीनं नुसते ठिपके काढले. सगळीकडं ऊस झाला, चारायला रान उरलं नाही, म्हणून तिच्या घरची मेंढरं त्याच आठवड्यात विकली होती. तिला न्यायला आलेल्या आजोबांनी पुठ्ठा उन्हात धरला आणि एका ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "ही लंगडी न्हवं?" "व्हय आबा. आन् ह्ये तिचं कोकरू." म्हातारा पुठ्ठा घोंगडीत गुंडाळून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मुलीनं तो परत आणला. त्यावर एकही ठिपका नव्हता. "समदी वाळू घोंगडीत सांडली, बाई. आबा घोंगडी झटकू देईना." मी घाईघाईनं घट्ट डिंक कालवला आणि तिच्यापुढं ठेवला. तिनं हात मागं घेतले. "नगं बाई. मेंढरं परत जात्यात." आता नातीसाठी डिंक भिजवताना मी पाणी थेंबभरच घालते. त्या पोरीला त्याचा काय उपयोग!